कार्टून नको म्हणणाऱ्याला ॲनिमे दाखवायचा तर आधी माणूस निवडा

मामांना मी पहिल्यांदा ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, दाखवला तेव्हा ते बाराव्या मिनिटाला उठले. पायात चपला सरकवल्या आणि म्हणाले, "पोरी, हे कार्टून बघायचं वय हाय व्हय माझं? चल, दूध पिऊन येऊ." आम्ही कोल्हापुरात गंगावेशीत कट्ट्यावर गेलो, त्यांनी समोर काढलेल्या धारोष्ण दुधाचा पेला एका दमात संपवला आणि तो विषयही तिथंच संपला. राक्षस भिंत फोडून शहरात शिरतात आणि माणसं खातात, ते प्रकरण मी त्यांना लावून दिलं होतं. ते माझं आवडतं होतं. मामांना कशात गोडी आहे याचा मी विचारच केला नव्हता.

याच मामांनी नंतर २५ भागांची एक मालिका माझ्या शेजारी बसून शेवटपर्यंत बघितली. दरम्यान मी आईला, आत्याला, फुटबॉलशिवाय दुसरं काही न बघणाऱ्या एका मित्राला आणि आणखी चार-पाच जणांना ॲनिमे दाखवला. दोघांना नाही आवडला. बाकीच्यांना आवडला, आणि प्रत्येक वेळी आवडण्याचं कारण एकच निघालं: त्या गोष्टीतला एक माणूस त्यांना ओळखीचा वाटला. चित्रं, संगीत, जपान हे सगळं त्याच्या मागून आलं. म्हणून ज्याला हा प्रकारच नको आहे त्याला "ॲनिमे बघ" म्हणू नये. त्याला भेटवावासा वाटेल असा एक माणूस शोधावा आणि तो माणूस सुचवावा. हे कसं करायचं ते पायरीपायरीने लिहिते.

नकार पूर्ण ऐकून घ्या

"मला नाही आवडत" हे सगळेच म्हणतात, पण प्रत्येकाच्या मनातलं कारण वेगळं असतं. ते कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. साधं विचारा, काय बघितलं होतं, कुठे कंटाळा आला, कशाची किळस आली. आणि उत्तर मिळाल्यावर वाद घालू नका. बहुतेक वेळा पुढच्या चारपैकी एक कारण निघतं.

पहिलं, "हे पोराटोरांचं." नातवंडांच्या टीव्हीवर डोरेमॉन आणि शिनचॅन बघितलेल्यांना असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. इथे पुष्कळ जण लगेच मोगलीचा दाखला देतात: दूरदर्शनवर "जंगल जंगल बात चली है" लागायचं ती मालिका मुळात जपानीच, १९८९ साली तिकडे सुरू झालेली, आपल्याकडे हिंदीत आली आणि शीर्षकगीत गुलजारांनी लिहिलं. ही माहिती खरी आहे आणि मलाही ती सांगायला आवडते, पण ती नंतर सांगायची. वादात सांगितली की समोरच्याला आपण पकडले गेलो असं वाटतं, आणि पकडला गेलेला माणूस निवांत बसून काही बघत नाही.

दुसरं, "डोळे केवढे, नुसती तोंडं हलतात, सारखं किंचाळतात." या तक्रारीमागे खरा इतिहास आहे. १ जानेवारी १९६३ ला चित्रकथाकार ओसामू तेझुका यांची 'तेत्सुवान आतोमू' (इंग्रजीत 'ॲस्ट्रो बॉय') ही मालिका जपानी टीव्हीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा होता. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी लागतात. तेवढी चित्रं काढायला ना माणसं होती, ना पैसा. मग एकच चित्र तीन-तीन चौकटी धरून ठेवायचं, चेहरा तसाच ठेवून फक्त ओठ हलवायचे, मागचा देखावा सरकवायचा अशा युक्त्या निघाल्या. पुढे त्या काटकसरीचीच एक शैली झाली. चांगल्या दिग्दर्शकांनी त्या स्थिरपणाचं सोनं केलं: माणूस गप्प बसलेला आहे आणि मागे फक्त पडदा हलतोय, एवढ्यात ते सगळं सांगून जातात. पण हा इतिहास ऐकून कुणाला ॲनिमे आवडत नाही. त्यापेक्षा अशा माणसासाठी चेहरे साधे काढलेली आणि माणसं माणसांसारखी बोलणारी कलाकृती निवडा. इसाओ ताकाहाता आणि सातोशी कोन ही दोन दिग्दर्शकांची नावं इथे लक्षात ठेवा.

तिसरं, "त्यात बायका-मुलींना कसंही दाखवतात." ही तक्रार रास्त आहे. "सगळ्यात तसं नसतं हो" म्हणून ती उडवून लावू नका. कितीतरी मालिकांत शाळकरी मुली ज्या नजरेने चितारलेल्या असतात ती मलाही सहन होत नाही. यावर उपाय एकच. जे सुचवणार ते आधी स्वतः शेवटच्या भागापर्यंत बघून ठेवा. आत्या शेजारी बसलेली असताना तसं एक दृश्य आलं, तर पुन्हा ती तुमच्या शब्दावर काही बघणार नाही.

चौथं, "वाचत वाचत बघायला होत नाही मला." हा आवडीनिवडीचा प्रश्नच नाही, सोयीचा आहे. त्याकडे पुढे येते.

त्याच्या तोंडी कुणाच्या गोष्टी असतात ते बघा

आवडते सिनेमे विचारून फारसं हाती लागत नाही. लोक दोन-चार नावं सांगतात आणि त्यावरून माणूस कळत नाही. त्यापेक्षा चहाला बसा, जुन्या गोष्टी निघू द्या आणि कुणाचं नाव परत परत येतंय ते ऐका.

मामा साखर कारखान्यातून निवृत्त झाले, पण कारखान्याबद्दल ते दहा मिनिटंही बोलत नाहीत. बोलतात ते त्यांच्या वस्तादांबद्दल. पहाटे चारला तालमीत हजर राहायचं, हौद्यातली माती उकरायची, जोर-बैठका संपल्याशिवाय वस्ताद नजरही वर करायचे नाहीत, आणि खासबागेत कुस्ती मारून आल्यावर शाबासकी म्हणजे नुसती पाठीवर एक थाप. हे मी लहानपणापासून पन्नासदा ऐकलंय. आई बोलते ती गगनबावड्याकडच्या तिच्या माहेरच्या घराबद्दल, सात भावंडांबद्दल. आत्या बोलते जयप्रभा स्टुडिओत लपून बघितलेल्या शूटिंगबद्दल.

हे ऐकलं की एक वाक्य कागदावर लिहून काढा. माझं मामांबद्दलचं वाक्य असं होतं: "कडक गुरू आणि त्याच्यावर जीव टाकणारा चेला या विषयावर मामांना थांबवावं लागतं." त्या वाक्यात कुस्ती नाही, हे ध्यानात घ्या. मी "कुस्ती" असं लिहिलं असतं तर बॉक्सिंगची एखादी मालिका दाखवली असती, आणि ठोसे चुकीचे कसे मारतात हे मामांनी मला अर्धा तास समजावलं असतं. विषय जुळवायचा नाही, नातं जुळवायचं.

कुणाला कोण भेटवावं

मामांसाठी मी निवडली 'शोवा गेनरोकू राकुगो शिंजू'. २०१६ चा पहिला सीझन १३ भागांचा, २०१७ चा दुसरा १२ भागांचा. राकुगो ही जपानची कथा सांगण्याची जुनी कला. कलाकार एकटाच, उशीवर गुडघे मोडून बसलेला, हाताशी एक पंखा आणि एक पंचा. मान एकीकडे वळली की एक पात्र, दुसरीकडे वळली की दुसरं. मिटलेला पंखा कधी जेवणाची काडी होतो तर कधी आणखी काही. ज्याने कीर्तनकाराला एका दमात राजा, राणी आणि दासी उभी करताना बघितलंय त्याला यातलं काही शिकवावं लागत नाही.

गोष्ट अशी. तुरुंगातून सुटलेला एक पोरगा थेट याकुमो नावाच्या नामांकित कलाकाराच्या पायाशी येऊन बसतो, मला चेला करा म्हणतो. तुरुंगात त्याने याकुमोची एक कथा ऐकलेली असते. याकुमो आजवर कुणालाही चेला करत नाही. त्याच्या घरात त्याच्या मेलेल्या मित्राची मुलगी राहते आणि ती त्याचा मनापासून राग करते. पुढे याकुमो स्वतःच्या तोंडाने आपलं तरुणपण सांगतो: दोन पोरं एकाच दिवशी एकाच गुरूच्या दारात आली, एकाला कला जन्मतः होती, दुसऱ्याला ती घासून मिळवावी लागली.

मामांनी पहिल्या भागात फारसं काही दाखवलं नाही. त्या भागात गुरूचा कार्यक्रम चालू असताना चेला पेंगतो आणि गुरू त्याला घराबाहेर काढतो. तिथे मामा एवढंच म्हणाले, "बरोबर केलं." पण तेव्हाच मला कळलं की हे बसणार. दुसऱ्या सीझनपर्यंत आलो, ही कला आपल्याबरोबरच मरावी असं त्या म्हाताऱ्याच्या मनात आहे हे स्पष्ट होत गेलं, आणि एका रात्री मामा माझ्याकडे न बघता बोलले, "वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणत्यात. ह्यो म्हातारा एक डाव न्हाई, सगळी तालीमच संगट घिऊन चाललाय की." मी इतकी वर्षं ती मालिका बघत होते, तिच्यावर बोलत होते, इतक्या नेमक्या शब्दांत ती मला कुणी सांगितली नव्हती.

देवल क्लबच्या मैफली ऐकून मोठ्या झालेल्या कोल्हापूरकरालाही हीच मालिका सुचवेन. अल्लादिया खाँसाहेबांच्या या गावात, घराण्यातली चीज कुणाला द्यायची आणि कुणापासून राखायची, हा प्रश्न कुणाला नवा नाही.

आईसाठी ताकाहातांचा १९९१ चा 'ओन्ली यस्टरडे'. तोक्योतल्या कचेरीत काम करणारी २७ वर्षांची ताएको सुट्टी घेऊन यामागाताच्या खेड्यात करडईची फुलं खुडायला जाते. आपल्याकडे करडई तेलासाठी, तिकडे तिच्या पाकळ्यांपासून लाल रंग काढतात. वाटेत आणि शेतात तिला तिचं पाचवीतलं, १९६६ चं बालपण आठवत राहतं. बस्स, एवढंच. खलनायक नाही, जादू नाही. मोठ्या ताएकोच्या चेहऱ्यावर हसताना गालाच्या रेषा उमटतात, कारण तिचे संवाद आधी ध्वनिमुद्रित करून त्यावर चित्रं काढली आहेत. "नुसती तोंडं हलतात" म्हणणाऱ्यासाठी याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

त्यातला अननसाचा प्रसंग जवळून सांगते. घरात पहिल्यांदाच अख्खं अननस येतं. कापायचं कसं कुणालाच ठाऊक नाही, म्हणून ते काही काळ नुसतंच ठेवलेलं. मग थोरली बहीण कसं कापायचं ते शिकून येते, सगळे टेबलाभोवती जमतात, वासाने हरखतात. पहिला घास घेतात आणि सगळे गप्प. कडक आहे, गोडही नाही. एकेक जण आपली फोड बाजूला सारतो. छोटी ताएको मात्र हट्टाने चावत राहते, कारण तिला ते चांगलं असायलाच हवं असतं.

आईने इथे मला रिमोट दाबायला लावला. त्यांच्या घरी पहिलं सफरचंद आलं ते आजोबा मिरजेच्या दवाखान्यातून सुटून घरी आले तेव्हा. कुणीतरी भेटायला येताना आणलेलं, आजोबांनी न खाता पिशवीतून जपून आणलेलं. आजीने विळीवर सात फोडी केल्या. सफरचंद पिठूळ निघालं. कुणीही वाईट म्हणालं नाही, कारण आजोबा बघत होते. ही गोष्ट आईने मला तोवर कधीच सांगितली नव्हती. सिनेमा अर्ध्या तासाने पुन्हा सुरू झाला.

पुढे शेतात ताएको करडईच्या काट्यांबद्दल बोलते. पूर्वी बायका उघड्या हातांनी फुलं खुडायच्या, हात रक्ताळायचे, आणि त्या फुलांची लाली लागायची ती शहरातल्या दुसऱ्याच बायकांच्या ओठांना. उसाचा पाला अंगाला कसा कापतो हे ठाऊक असलेल्या घरात या दृश्यावर काही बोलावं लागत नाही. दोन गोष्टी आधी माहीत असू द्या. शाळेतल्या मुलींच्या पाळीबद्दलचा एक लांबलचक प्रसंग यात आहे. तो अतिशय नीट हाताळलाय, पण घरातली कोणती मंडळी सोबत असतील ते बघून ठरवा. आणि शेवटी श्रेयनामावली सुरू झाली म्हणून टीव्ही बंद करू नका. खरा शेवट त्या नावांच्या मागेच चाललेला असतो. मी एका मैत्रिणीला हे सांगायला विसरले, तिने बंद केलं, आणि तिला सिनेमा अर्धवट वाटला.

आत्यासाठी सातोशी कोन यांचा २००१ चा 'मिलेनियम ॲक्ट्रेस', ८७ मिनिटांचा. एक जुना स्टुडिओ पाडला जातोय. त्या निमित्ताने एक माहितीपटकार चियोको या नटीला शोधत जातो. तिने ३० वर्षांपूर्वी अचानक काम सोडून दिलेलं असतं. तो तिला एक जुनी किल्ली परत देतो आणि ती बोलायला लागते. बोलता बोलता तिचं आयुष्य आणि तिच्या भूमिका एकमेकांत मिसळतात. ती एका दारातून पळते ती युद्धकाळात, दुसऱ्या दारातून बाहेर येते ती सामुराईंच्या जमान्यात, आणि मुलाखत घेणारा तिच्या आठवणींत स्वतः शिरलेला असतो. ही सरमिसळ नव्या प्रेक्षकाला गोंधळात पाडू शकते, म्हणून सुरू करण्याआधी एवढंच सांगा: ती आठवण सांगतेय की सिनेमा, हे ओळखत बसू नका, तिच्या मागे पळा.

कोल्हापुरात हा सिनेमा दाखवताना मला फार बरं वाटतं. बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवला तो इथे. प्रभात सुरू झाली १९२९ मध्ये इथेच, पुण्याला गेली ती १९३३ मध्ये. जयप्रभा वाचावा म्हणून लोक रस्त्यावर बसले ते तर अलीकडचं. पहिल्या पाच मिनिटांत तो जपानी स्टुडिओ पाडताना दिसला तशी आत्या म्हणाली, "अगं, हे तर आपलंच."

फुटबॉलवेडा मित्र पेठेच्या संघातून खेळायचा, गुडघा गेला आणि थांबला. शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार मॅच असली की आजही त्याचा फोन लागत नाही. त्याला मी फुटबॉलचं काही न देता 'पिंग पाँग द ॲनिमेशन' दिलं. २०१४, दिग्दर्शक मासाकी युआसा, फक्त ११ भाग. रेषा वेड्यावाकड्या, चेहरे ओबडधोबड. "गोंडस" चित्रांचा ज्याला तिटकारा आहे त्याला हे बघून उलट दिलासा मिळतो. गोष्ट वरवर टेबल टेनिसची, खरी मात्र प्रतिभा कुणाला मिळाली आणि कुणाला नाही याची. साकुमा नावाचा एक पोरगा सगळ्यात जास्त घाम गाळतो आणि तरी हरतो. का हरलो असं तो विचारतो, तेव्हा समोरचा त्याला शांतपणे सांगतो: तुझ्यात ती प्रतिभा नाही. मित्राने तो भाग दोनदा बघितला. कोंग हा चीनमधून आलेला खेळाडू सुरुवातीला सगळ्यांना तुच्छ लेखतो. त्याचं पुढे काय होतं हे मी सांगणार नाही, पण हरलेल्या माणसाला इतक्या मायेने वागवणारी खेळाची गोष्ट मी दुसरी बघितलेली नाही.

घर सोडून पुण्याला खोली करून स्पर्धा परीक्षेला बसलेला, फोनवर "बरा आहे" एवढंच बोलणारा कुणी भाऊ असेल, तर 'मार्च कम्स इन लाइक अ लायन'. १७ वर्षांचा रेई शोगी हा जपानी बुद्धिबळासारखा खेळ व्यवसाय म्हणून खेळतो, एकटा राहतो, धड जेवत नाही. नदीपलीकडच्या तीन बहिणी आणि त्यांचे मिठाईचं दुकान चालवणारे आजोबा त्याला जेवायला धरून नेतात. पहिल्याच भागात तो ज्याला हरवतो तो त्याला वाढवणारा माणूस असतो. २२ भागांचे दोन सीझन. दुसऱ्यात शाळेतल्या छळाचा मोठा भाग आहे, तो पोटात कालवतो, त्याची कल्पना आधी द्या.

बाकी थोडक्यात. रहस्यकथा रात्ररात्र वाचणाऱ्याला 'मॉन्स्टर': महापौराऐवजी आधी आलेल्या मुलावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरची गोष्ट, आणि तो मुलगा पुढे काय निघतो त्याची. पण ७४ भाग आहेत, पहिल्या भेटीत आकडा सांगू नका असं मी म्हणणार नाही. खरा आकडा सांगा आणि चारच भाग मागा. निसर्गात रमणाऱ्या, कमी बोलणाऱ्या माणसाला 'मुशिशी', २६ भाग, प्रत्येक भाग स्वतंत्र. रागीट कलावंताला 'बाराकामोन', १२ भाग.

पहिल्यांदाच हे देऊ नका

हजार भागांच्या पुढे गेलेलं काहीही. तुमचं सगळ्यात आवडतं, जर ते आवडायला आधीचे दहा ॲनिमे बघितलेले असावे लागत असतील. "पहिले पाच भाग कंटाळवाणे आहेत, पण नंतर..." असं म्हणावं लागेल ते. आणि 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. १९८८ चा हा सिनेमा ॲनिमे पोरांसाठी नसतो हे पटवायला हमखास वापरला जातो. युद्धात भुकेने खंगत जाणारी दोन भावंडं आहेत त्यात. वाद जिंकायला एवढं दुःख कुणाच्या अंगावर टाकू नये. 'अ सायलेंट व्हॉइस' फार चांगला आहे, पण त्यात आत्महत्येचा प्रयत्न आहे. ते न सांगता कुणालाही दाखवू नका.

बसायची तयारी

मोबाइलवर नको. लहान पडद्यावर चेहऱ्यातले बारीक बदल दिसत नाहीत आणि आपण माणूस दाखवायला निघालोय, म्हणजे चेहराच दाखवायचाय. टीव्हीवर लावा, अक्षरं सेटिंगमध्ये जाऊन मोठी करा. जिब्ली स्टुडिओचे बरेच सिनेमे नेटफ्लिक्सवर आहेत, मालिकांसाठी क्रंचीरोल हे ॲनिमेचं ॲप आहे; पण यादी बदलत राहते, तेव्हा ज्या दिवशी बसणार त्याच दिवशी सकाळी उघडून खात्री करा. मामा येऊन बसलेत आणि आपण शोधतोय असं झालं की सगळी हवा जाते.

भाषेचं नीट बघा. हिंदी डब असेल तर पहिली पाच मिनिटं आपण ऐकून बघा. आवाज पात्राच्या वयाला शोभत असेल तर खुशाल लावा, डब म्हणजे बाटलेलं असं काही नाही. डब नसेल आणि इंग्रजी सबटायटल भरभर वाचता येत नसतील तर शेजारी बसून मराठीत सांगा. आईसाठी मी हेच केलं. सगळी वाक्यं सांगायची नाहीत. "चहा घे", "आले" वगैरे चेहऱ्यावरून कळतं. आदल्या दिवशी एकदा बघून नेमकी अडणारी वाक्यं वहीत उतरवून ठेवा, हळू आवाजात सांगा, आणि लांब संभाषण असेल तिथे सरळ थांबवा. दोन तासांच्या सिनेमाला तीन तास धरा.

नावांचा एक कागद करा. पाच नावं, पुढे नातं. 'राकुगो'साठी तर हवाच, कारण तिथे याकुमो हे नाव गादीसारखं पुढच्याकडे जातं आणि तरुणपणी त्याच माणसाचं नाव किकुहिको असतं. मामांनी तो कागद चष्म्याच्या घरात ठेवला होता.

वेळ रात्री जेवणं आटोपल्यावरची. मालिकेचा भाग साधारण २४ मिनिटांचा, त्यात सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं दीड-दीड मिनिटाचं. एका बैठकीत दोनच भाग. तिसरा मागितला तरी उद्यावर ठेवा.

काय म्हणायचं, कधी गप्प बसायचं

लपवाछपवी करू नका. "एक पिक्चर आहे" म्हणून बसवलं आणि चित्रं सुरू झाली की फसवल्यासारखं वाटतं. मी मामांना म्हणाले, "मामा, चित्रांतलंच आहे, जपानी आहे. पण एका वस्तादाची गोष्ट आहे. कुणालाच चेला करत नाही, आणि एक पोरगा तुरुंगातून सुटून थेट त्याच्या दारात येतो. पहिला भाग पाऊण तासाचा आहे. नाही पटलं तर मध्येच बंद करू आणि मी परत विचारणार नाही." माणूस, अडचण, वेळ, आणि उठून जायची मोकळीक. एवढं पुरतं. "जगात भारी आहे", "रडशील बघ" असलं काही बोलू नका. मग समोरचा गोष्ट सोडून तुमचा अंदाज तपासत बसतो.

सुरू झालं की त्यांच्या चेहऱ्याकडे बघू नका. हे मला सगळ्यात अवघड गेलं. आवडता प्रसंग जवळ आला की आपली मान आपोआप वळते, आणि त्यांना ते कळतं. "आता बघा" म्हणू नका. विचारल्याशिवाय समजावू नका. विचारलं तर एका वाक्यात सांगा. आईसारखं कुणी थांबवून स्वतःचं काही सांगू लागलं तर रिमोट खाली ठेवा आणि पूर्ण ऐका. सिनेमा कुठे पळून जात नाही.

संपल्यावर "आवडलं का?" हा प्रश्न नको, त्याला माणसं भिडेने "हो, बरं होतं" म्हणतात. "तो म्हातारा बरोबर वागला का?" असं विचारा. मामा याकुमोवर भडकले होते, तावातावाने बोलत होते. पुढचं सुचवताना त्या बोलण्यातलंच सूत्र धरा. कडक गुरूवर भडकलेल्या मामांना मी नंतर 'पिंग पाँग'मधला म्हातारा प्रशिक्षक भेटवला. त्यांना तो याकुमोपेक्षा जास्त आवडला आणि चित्रं मात्र अजिबात आवडली नाहीत. तेही चालतं.

आणि कुणी नाहीच म्हणालं तर थांबा. माझ्या एका वहिनींनी दोन सिनेमे मन लावून बघितले आणि सांगितलं, "चित्रातल्या माणसाचं दुःख मला खरं वाटत नाही गं." त्यांनी प्रामाणिकपणे वेळ दिला होता, त्यानंतर मी त्यांना एकदाही विचारलेलं नाही. आम्ही दोघी आता महिन्यातून एकदा नाटकाला जातो.

मामांची मालिका संपली ती श्रावणात, बाहेर पाऊस लागून राहिला होता. शेवटचं गाणं संपेपर्यंत ते उठले नाहीत. मग चष्मा काढला, तो त्याच्या घरात घालताना तो नावांचा कागद बाहेर आला, तो उलगडून त्यांनी याकुमोच्या नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे जपानीत कसं लिवत्यात, दाखव जरा." मी मोबाइलवर काढून दाखवलं. त्यांनी बॉलपेनने त्याच कागदावर, वाकडंतिकडं, ती दोन अक्षरं उतरवून घेतली.